१०,००० पीपीएमचं निंबोळी तेल, परसातल्या भाजीवर दोन महिने वापरून

आधी निकाल सांगते. घ्या, चांगलं आहे, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. पण बाटलीवर पीपीएमचा, म्हणजे आतल्या मुख्य द्रव्याच्या प्रमाणाचा, आकडा आहे का ते बघूनच घ्या आणि ऊन उतरल्यावरच मारा, ह्या दोन गोष्टी सोडल्या तर पैसे पाण्यात जातात आणि मग आपण तेलाला नावं ठेवतो. मी मागच्या वर्षी अख्खा मार्च महिना ठेवत होते.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, जुनी सोसायटी, तळमजला. किचनच्या मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत साधारण बारा बाय अठरा फुटांची जागा आहे, आधी तिथे फुटक्या कुंड्या आणि कुणाच्या तरी रिनोव्हेशनचं डेब्रिस पडलेलं असायचं, ते सगळं काढून, सोसायटीला लेखी विचारून, लाल माती आणि शेणखत टाकून आम्ही तिथे भाजी लावतो. ह्या वर्षी चार वांगी, सहा मिरच्या, भेंडीच्या दोन ओळी लावल्या, भिंतीला जाळी बांधून दुधी आणि काकडी चढवलीय, आणि नळाजवळ अळू आहे ज्याच्याकडे कुणी बघत नाही तरी तो मस्त वाढतो. सकाळी दहापर्यंत सावली, मग चारपर्यंत कडक ऊन.

मुंबईत थंडी कधी आली कधी गेली कळत नाही पण महाशिवरात्र झाली की दुपार एकदम तापते, फेब्रुवारीच्या शेवटी पारा ३५ च्या वर जातो आणि जूनपर्यंत पावसाचा थेंब नाही, म्हणजे पानं धुवून निघण्याचा प्रश्नच नाही. त्यात आमच्या मागच्या गल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे, रोज संध्याकाळी पानावर बोट फिरवलं की करडं होतं. कोवळी पालवी, ऊन आणि धूळ, किडीला अजून काय पाहिजे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, लाल कोळी, सगळे ह्याच दोन महिन्यांत येतात, आपण रोज बघत असतो तरी एका सकाळी भेंडीचं पान उलटं करावं आणि पोटात गोळा यावा असं होतं.

मागच्या वर्षी मी ऑनलाइन एक बाटली मागवली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. वर मोठ्या अक्षरात प्युअर नीम ऑइल, हिरव्या पानाचं चित्र, आणि मागे बघावं तर अझाडिरेक्टिन, म्हणजे कडुनिंबातलं किडीवर चालणारं द्रव्य, किती ते नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही, फक्त केसांनाही लावा आणि झाडांनाही मारा असं लिहिलेलं. जानेवारीतल्या एका थंड सकाळी ते बाटलीत खोबरेल तेलासारखं थिजलं, तेव्हा मला वाटलं खराब झालं, तर तसं नव्हतं, शुद्ध निंबोळी तेल थंडीत थिजतंच, कोमट पाण्यात बाटली ठेवली की सुटतं. खरी अडचण पुढे आली. ते पाण्यात मिसळतच नाही. साबण घालून मिसळायचं असतं हे मला माहीत होतं आणि मी घातला पण, पण त्या आठवड्यात आमच्याकडे पालिकेच्या पाण्याची कपात होती आणि बागेला बोअरचं पाणी चालू होतं. बोअरचं पाणी जड, त्यात साबणाचा फेसच होत नाही, नुसता दह्यासारखा चोथा होतो. तेल वर तरंगत राहिलं. पंप हलवत हलवत मारलं तर सुरुवातीला काही झाडांना नुसतं पाणी मिळालं आणि शेवटच्या झाडांना निव्वळ तेल. ती शेवटची झाडं म्हणजे काकडी. आणि वेळ दुपारी साडेतीनची, कारण तेव्हा मला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी काकडीची पानं भाजल्यासारखी झाली, कडा कागदासारख्या कुरकुरीत, तीन वेल गेले. त्या वेलांवर तेव्हा बोटभर काकड्या धरल्या होत्या. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

ह्या वर्षी म्हणून आधी वाचून घेतलं. कडुनिंबाच्या बीमध्ये अझाडिरेक्टिन नावाचं द्रव्य असतं, मुख्य काम ते करतं. दुकानात जी निंबोळीची कीटकनाशकं मिळतात त्यावर त्याचं प्रमाण लिहिलेलं असतं, ३०० पीपीएम, १,५०० पीपीएम आणि १०,००० पीपीएम. १०,००० म्हणजे एक टक्का, १,५०० म्हणजे ०.१५ टक्का, ३०० म्हणजे ०.०३ टक्का. तिन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर ३०० वाली सगळ्यात स्वस्त दिसते आणि आपण तीच उचलतो, पण ती एका लिटरला खूप जास्त लागते, हिशोब केला तर १०,००० वालीच परवडते. मी पाव लिटरची घेतली, साडेचारशे रुपयांना, बी-बियाणं आणि खतं विकणाऱ्या दुकानातून. दुकानात जाऊन घ्यायचा फायदा हा की बाटली हातात घेऊन वाचता येते. मागे नोंदणी क्रमांक, बॅच, बनवल्याची तारीख, एक्स्पायरी, आणि तो रंगीत त्रिकोणाचा चौकोन बघा, आपल्याकडे कीटकनाशकावर तो असतोच. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सगळ्यात कमी. माझ्या बाटलीवर हिरवा आहे. हिरवा आहे म्हणून हात न धुता जेवायला बसायचं असं नाही हां, मी ग्लोव्हज आणि जुना चष्मा घालूनच मारते आणि बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशी माळ्यावर असते.

दुसरा मोठा फरक म्हणजे ह्या बाटलीत तेल पाण्यात मिसळणारा पदार्थ आधीच असतो. एक लिटर पाण्यात दोन मिली टाकलं की पाणी ताकासारखं पांढरं होतं, वर तवंग येत नाही. ते दोन मिली मोजायला मुलाच्या औषधाची जुनी सिरिंज ठेवलीय, झाकणाने अंदाजाने ओतू नका, जास्त टाकलं तर जास्त काम होईल असं अजिबात नाही, पान भाजतं. वरून मी रिठ्याचं पाणी दोन चमचे घालते, चार रिठे रात्री भिजवून सकाळी कुस्करून गाळलेलं. रिठ्याला बोअरच्या पाण्यातही फेस येतो आणि त्यामुळे फवारा पानावरून मोत्यासारखा ओघळून न जाता पसरतो. भांड्यांचं लिक्विड वापरू नका, ते मी एकदा एका मिरचीवर करून बघितलं, कोवळी पानं वाकडी झाली.

जेवढं लागेल तेवढंच बनवायचं. उरलेलं उद्या मारू म्हणून ठेवलं तर उद्या त्यात दम राहत नाही. आणि ऊन. अझाडिरेक्टिन उन्हाने मोडतं, हे बाटलीवर बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. मी आता संध्याकाळी साडेसहानंतर मारते, रात्रभर पानावर राहतं, मधमाश्याही तेव्हा घरी गेलेल्या असतात. फक्त दुधीचं सांभाळा. काकडीची फुलं सकाळी उमलतात पण दुधीची पांढरी फुलं संध्याकाळीच उमलतात, रात्रीचे पतंग त्यावर येतात, म्हणून दुधीवर मारताना फुलं सोडून फक्त पानांच्या खालून मारते आणि आधी नर फूल तोडून मादी फुलावर फिरवून घेते, म्हणजे फळ नक्की धरतं.

पानाच्या खालून, हे परत लिहिते. कीड खाली असते. वरून कितीही भिजवलं तरी मावा खाली आरामात बसलेला असतो. पंपाचा नोझल वर वळवता येणारा घ्या, मी दोन लिटरचा हातपंप घेतलाय, अडीचशेला मिळाला, चांगला चालतो.

आता परिणाम. पहिल्या फवारणीनंतर सकाळी उठून बघायला गेले तर मावा होता तिथेच. मी आईंना म्हणजे सासूबाईंना म्हटलं की ह्या वर्षी पण फसलो. त्या म्हणाल्या, थांब की जरा, कडुनिंब आहे ते, झुरळाचं औषध नाही. आणि खरंच तसंच आहे, हे तेल कीड जागच्या जागी मारत नाही, तिची खायची इच्छा जाते आणि पिल्लांना कात टाकता येत नाही, त्यामुळे पुढची पिढी थांबते. चौथ्या पाचव्या दिवशी भेंडीच्या शेंड्यावरचा मावा वाळलेला दिसला, आठव्या दिवशी दुसरी फवारणी केली, पंधराव्या दिवशी तिसरी, आणि होळीच्या सुमारास भेंडीची पानं मागे-पुढे साफ. तुडतुडेही बरेच कमी झाले. पांढरी माशी कमी झाली पण गेली नाही, मोठ्या माश्या उडून जातात आणि परत येतात, पिल्लांवर चालतं.

मिरचीचं वेगळं सांगायला पाहिजे कारण तिथे माझी समजूत चुकीची होती. मिरचीची पानं आकसली की आपण सरसकट बोकड्या आला म्हणतो. पण पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं असेल तर बहुतेक फुलकिडे, आणि खालच्या बाजूला वळून उलट्या होडीसारखं झालं असेल तर कोळी. पांढरा कागद शेंड्याखाली धरून टिचकी मारा, कागदावर बारीक पिवळट काड्या पळायला लागल्या की ते फुलकिडे. माझ्या चार मिरच्यांवर फुलकिडे होते, तिथे तेलाने काम केलं, नवीन पालवी सरळ आली. दोन झाडांना मात्र आधीच विषाणू लागला होता असं वाटतं, ती सुधारलीच नाहीत, शेवटी उपटून टाकली. भेंडीतही एक झाड केवडा रोगाचं निघालं, पानाच्या शिरा पिवळ्या आणि जाळीदार, तो पांढरी माशी पसरवते आणि त्याला कुठल्याही बाटलीत औषध नाही, झाड दिसल्या दिवशी काढायचं. मी चार दिवस जीव लावून ठेवलं होतं, तेवढ्यात शेजारचं झाड पण लागलं.

लाल कोळ्यावर मी ह्या तेलाला पाचपैकी दोनच देईन. वांग्याच्या पानामागे बारीक जाळी आणि लालसर ठिपके दिसले की आधी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून, तीन दिवस लागोपाठ सकाळी, हा उपाय तेलापेक्षा जास्त उपयोगी पडला. धूळ गेली की कोळी कमी होतो. तेव्हापासून मी दर दोन दिवसांनी सगळी झाडं नुसत्या पाण्याने धुते, पाण्याची वेळ सकाळी सहा ते आठ असते तेव्हा, आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की ह्या वर्षीच्या बागेचं अर्धं श्रेय त्या धुण्याला आहे.

आणि वांग्यातली अळी. शेंडा एकदम मान टाकतो, पाणी कमी पडलंय असं वाटतं, पण पाणी घालूनही उठत नाही. ती शेंडे आणि फळ पोखरणारी अळी, ती आत असते, तिच्यापर्यंत तेल काय कुठलाच फवारा पोचत नाही. शेंडा कोमेजलेल्या भागाच्या इंचभर खालून कापायचा आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायचा, कंपोस्टमध्ये नाही. मी रोज सकाळी चहा घेऊन वांग्यांमधून एक चक्कर मारते, कात्री खिशात, आठवड्याला दोन तीन शेंडे निघतात. ह्या कामाला पैसे लागत नाहीत फक्त चुकवायचं नाही. ज्या दुकानदाराने तुम्हाला ह्या अळीसाठी निंबोळी तेल पुरेल म्हणून सांगितलं त्याच्याकडून दुसरं काही विचारून घेऊ नका.

तेलाबरोबर त्याच दुकानातून पिवळे चिकट कार्ड घेतले होते, दहाचं पाकीट, त्याबद्दल पण थोडं लिहिते. पांढरी माशी आणि मावा पिवळ्यावर येतात, फुलकिडे निळ्यावर जास्त. झाडाच्या शेंड्याच्या जरा वर लावायचं, झाड वाढलं की कार्ड वर घ्यायचं. कीड संपवायला नाही तर कीड आली की नाही कळायला म्हणून कार्ड चांगलं, एका ओळीला एक पुरतं. मी पहिल्यांदा उत्साहात सहा लावली आणि तिसऱ्या दिवशी एकावर पाल चिकटली. तिला खोबरेल तेल लावून हळूहळू सोडवली, वीस मिनिटं लागली, जिवंत गेली. मग दोनच ठेवली आणि त्यांच्याभोवती जुन्या मच्छरजाळीचा मोठ्या भोकांचा तुकडा गुंडाळला. ढालकिडे पण चिकटतात त्यावर, ते मला नको होतं. ढालकिडा म्हणजे तो लाल-केशरी, काळ्या ठिपक्यांचा, मावा खाणारा. त्याची अळी मात्र अजिबात तशी दिसत नाही, काळी लांबट, केशरी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी, आणि आमच्या वरच्या काकूंनी त्यांच्या जास्वंदीवरच्या सगळ्या अळ्या चिरडल्या होत्या कारण त्यांना वाटलं हीच कीड. ज्या फांदीवर ती दिसेल तिथे मी तेल मारतच नाही. ती दिवसभर मावाच खात असते.

काकडी-दुधीसाठी फळमाशीचा सापळा घ्यायचा असेल तर आतली माश्यांना ओढणारी गोळी कुठली आहे ते विचारून घ्या. वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीला क्यू ल्यूर लागतं, आंब्याच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉल. मला आधी दुसरं दिलं गेलं होतं, सापळा टांगला, माश्या भरपूर पडल्या, मी खूश, आणि काकड्या तरी सडत होत्या. मागच्या रस्त्यावर आंब्याची दोन झाडं आहेत, त्यांच्या माश्या येत होत्या. बदलून आणल्यावर फरक पडला. सापळ्यात फक्त नरच येतात, म्हणून सडलेलं फळ गोळा करणं आणि छोट्या काकडीला कागदाची पिशवी बांधणं हे करावंच लागतं.

आईंचा उपाय राख. त्या चौलच्या, त्यांच्या माहेरी वाडीत दुधी-भोपळ्याच्या कोवळ्या रोपांवर सकाळी दवात चुलीतली राख भुरभुरायचे, लाल भुंगेरे येत नाहीत. इथे चूल नाही म्हणून धुळवडीच्या सकाळी त्या सोसायटीच्या होळीची राख आणायला निघाल्या तर मी थांबवलं, कारण होळीत ह्या वेळी जुनं प्लायवूड आणि रंगवलेली खिडकी पण जळली होती. मग त्यांच्या भाच्याने गावाहून गोवऱ्यांची राख डब्यात पाठवली. दुधीची रोपं दोन पानांची असताना मारली आणि ह्या वर्षी एकही भुंगेरा दिसला नाही. राख आणि तेल एका दिवशी मारू नका, राख पानावर चिकटून बसते.

एक गोष्ट तळमळीने सांगते. मार्चमध्ये सोसायटीत पेस्ट कंट्रोल करायला आलेल्या माणसाने मागचं दार उघडं बघून विचारलं, ताई भाजीला पण मारून देऊ का, ह्याच पंपातून, एका दिवसात साफ. फुकट देत होता. मी नाही म्हटलं, त्याला वाईट वाटलं असेल पण परत परत नाही म्हटलं. घरातल्या झुरळा-मुंग्यांचं औषध खायच्या भाजीवर कधीही मारू नका, ते भाजीसाठी बनवलेलं नसतं, किती दिवस थांबून तोडायचं हे त्यावर कुठेच नसतं. ती भेंडी आपण दुसऱ्या दिवशी मुलांच्या डब्यात देतो.

तेलाचा एक स्टार कापला तो वासासाठी. लसूण आणि शेंगदाण्याची पेंड एकत्र कुजल्यासारखा उग्र वास येतो आणि दोन दिवस राहतो. वरच्या काकूंच्या किचनची खिडकी नेमकी आमच्या वांग्यांवर उघडते, पहिल्या वेळी त्यांना वाटलं गॅस लीक झाला, त्या खाली धावत आल्या. आता फवारणीच्या दिवशी दुपारीच त्यांना फोन करते, त्या खिडकी लावून घेतात, आणि आठवड्याला पाव किलो भेंडी त्यांच्याकडे जाते. तोडलेली भाजी मीठ-पाण्यात धुवून घेतली की वास राहत नाही, मी फवारल्यावर तीन दिवस तोडत नाही.

पाव लिटरमधली अजून अर्धी बाटली शिल्लक आहे, दोन महिन्यांत फक्त सव्वाशे मिली लागली आणि ती पण शेजारच्या विंगमधल्या दोघांना थोडी थोडी देऊन. पाऊस सुरू झाला की फवारा टिकत नाही म्हणून मेअखेरपर्यंतच वापरणार, मग झाकण घट्ट लावून अंधारात. एक्स्पायरी पुढच्या जानेवारीची आहे, म्हणजे दिवाळीनंतर टोमॅटोची रोपं लावेन तेव्हा ही बाटली चालेल. काल पहिला दुधी काढला, पाऊण किलोचा, आज आईंनी त्याची चण्याची डाळ घालून भाजी केली.